विदर्भातल्या खेड्यातून जुन्या संगणकावर बीबीएस: नवख्यांसाठी मार्गदर्शक

ज्यांच्याजवळ वीस-तीस वर्षांपूर्वीचा, चालू असलेला किंवा चालू होण्याजोगा संगणक आहे, जे विदर्भातल्या एखाद्या खेड्यात किंवा तालुक्याच्या गावी राहतात, आणि ज्यांना मोबाइलच्या आधाराने नव्हे तर त्या जुन्या यंत्राच्याच कीबोर्डवरून बुलेटिन बोर्डचे सभासद व्हायचे आहे, अशा वाचकांसाठी हा लेख आहे. मी वर्धा जिल्ह्यातील एका गावातून ही जोडणी केली आहे. या विषयावरची बहुतेक माहिती इंग्रजीत आणि परदेशातील परिस्थिती गृहीत धरून लिहिलेली असते. आपल्याकडची वीज, ऊन आणि टेलिफोन तिला ठाऊक नसतात.

बुलेटिन बोर्ड सिस्टिम, म्हणजे बीबीएस, ही ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या सूचनाफलकासारखी गोष्ट आहे. एका व्यक्तीच्या घरी एक संगणक चालू असतो. बाकीचे लोक दुरून त्याला जोडून घेतात, आधीचे निरोप वाचतात, आपला निरोप ठेवतात आणि निघून जातात. १९७८ च्या जानेवारीत शिकागोत मोठे हिमवादळ झाले, तेव्हा वॉर्ड ख्रिस्टेन्सेन आणि रँडी स्यूस यांनी अशी पहिली व्यवस्था बांधायला घेतली आणि १६ फेब्रुवारी १९७८ रोजी ती सुरू झाली. भारतात विदेश संचार निगमने सर्वसामान्यांना इंटरनेट दिले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्याच्या आधी मोडेम, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून संगणक जोडणारे उपकरण, बाळगणाऱ्या मोजक्या मंडळींसाठी असे बोर्ड हेच एकमेकांना भेटण्याचे ठिकाण होते. अतुल चिटणीस यांचा बंगळूरचा सीआयएक्स हा बोर्ड त्या काळातला. खेड्यातून त्याला जोडायचे तर एसटीडीचे दर मोजावे लागत, त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेकांच्या वाट्याला तो काळ आलाच नाही.

आज बहुतेक बोर्डांनी टेलिफोनची तार सोडली असून ते इंटरनेटवरच्या टेलनेट या केवळ अक्षरांच्या जुन्या पद्धतीने चालतात. म्हणून जुना संगणक आणि वायफाय यांच्यामध्ये एक छोटे उपकरण लावावे लागते. ते संगणकाशी मोडेमच्या भाषेत बोलते, त्यामुळे संगणक पूर्वीसारखीच नंबर फिरवण्याची आज्ञा देतो. नंबराच्या जागी फक्त बोर्डाचा पत्ता असतो.

सुरुवात करण्यापूर्वी एक नियम ठरवून घ्या: एका वेळी एकच दुवा तपासायचा. यंत्र, वीज, पोर्ट, केबल, मोडेम, वायफाय आणि बोर्ड ही साखळी आहे. नवखा माणूस सगळे एकदम जोडतो, पडद्यावर काहीच उमटत नाही, आणि मग दोष नेमका कुठे आहे हे त्याला कळण्याचा मार्गच उरत नाही. पुढील पायऱ्या याच क्रमाने लावल्या आहेत. मोडेमच्या आज्ञा येथे देवनागरीत दिल्या आहेत. टंकताना त्या रोमन मोठ्या अक्षरांत, मध्ये जागा न सोडता टंकाव्यात.

लागणारे साहित्य

- सिरियल पोर्ट, म्हणजे मोडेम लावण्याची मागची जोडजागा, असलेला संगणक.
- सरळ जोडणीची सिरियल केबल, आणि पोर्ट पंचवीस टोकांचा असल्यास पंचवीसचे नऊ करणारा जोड.
- सिरियल वायफाय मोडेम. तयार मिळतो, किंवा ईएसपी८२६६ ही वायफायची पाटी आणि मॅक्स३२३२ ही व्होल्टेज जुळवणारी पाटी जोडून घरी करता येतो.
- टर्मिनल प्रोग्राम, म्हणजे टंकलेली अक्षरे पोर्टवर पाठवणारा आणि आलेली पडद्यावर दाखवणारा प्रोग्राम, असलेली फ्लॉपी, आणि ती भरण्यासाठी नव्या संगणकाला लागणारा यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह.
- २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा राउटर किंवा मोबाइलचा हॉटस्पॉट.
- मल्टिमीटर, यूपीएस, आणि प्रत्येक बदल टिपून ठेवण्यासाठी एक वही.
- एक ईमेल पत्ता.

सभासदत्वासाठी कोणतेही कागदपत्र लागत नाही. आधार, पॅन किंवा बँकेचा तपशील कोणी मागितला, तर तो बोर्ड तिथेच सोडावा. कागद लागतो तो यंत्र विकत घेताना: शाळा, पतसंस्था किंवा सरकारी कार्यालयातून निर्लेखित झालेला संगणक घेत असाल, तर निर्लेखनाच्या ठरावाची प्रत आणि रकमेची पावती मागून घ्या.

१. यंत्राची तपासणी

भंगारातून आलेले यंत्र थेट वीज देऊन पाहण्याचा मोह टाळा. आधी झाकण उघडा. खेड्यातल्या गोदामात पडून राहिलेल्या यंत्रात मातीचा थर, पालीची अंडी आणि उंदरांनी कुरतडलेल्या तारा हमखास सापडतात. हे सर्व कोरड्या ब्रशने काढावे, ओल्या फडक्याने नाही.

३८६ आणि ४८६ या प्रोसेसरांच्या काळातील अनेक मदरबोर्डांवर निळ्या किंवा हिरव्या आवरणाची, पिंपासारखी निकेल-कॅडमियम बॅटरी असते. ती गळते आणि भोवतीच्या तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. हिरवट-निळी बुरशी दिसत असो वा नसो, ती काढून टाकावी. मात्र यंत्र चालू होत असेल, तर काढण्यापूर्वी सेटअपच्या पडद्यावरील हार्ड डिस्कची नोंद, म्हणजे सिलिंडर, हेड आणि सेक्टर यांचे आकडे, वहीत उतरवून घ्या. बॅटरी गेली की यंत्र ते विसरते, आणि जुन्या यंत्रांना ते आकडे स्वतःहून ओळखता येत नाहीत.

एखाद्या जुन्या शाळेतून बीबीसी मायक्रो हा ब्रिटिश बनावटीचा संगणक हाती आला, तर आश्चर्य वाटून घेऊ नका. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या क्लास प्रकल्पात शाळांना हे यंत्र देण्यात आले होते. त्याला सिरियल पोर्ट आहे आणि तो या कामाला उत्तम आहे. पण त्याच्या वीजपुरवठ्यातील फिल्टर कपॅसिटर जुने झाले की फुटून दाट, उग्र वासाचा धूर सोडतात, म्हणून ते आधीच बदलून घ्यावेत. अमेरिकेहून मागवलेला कमोडोर ६४ हा जुना घरगुती संगणक असेल, तर त्याचा अॅडॅप्टर ११०-१२० व्होल्टचा असतो. तो आपल्या भिंतीतल्या सॉकेटमध्ये कधीही घालू नका.

२. वीज, अर्थिंग आणि ऊन

ही पायरी शहरात राहणाऱ्याला अनावश्यक वाटेल. खेड्यात मात्र सर्वाधिक यंत्रे इथेच जळतात.

गावातल्या अनेक घरांत सॉकेटला तिसरे छिद्र असते, पण त्यामागे जमिनीत गेलेली तार नसते. अशा घरात संगणकाच्या लोखंडी पेटीला टेस्टर लावला तर दिवा मंद पेटतो, कारण वीजपुरवठ्यातील फिल्टर कपॅसिटरमधून थोडा प्रवाह पेटीवर येत राहतो. हाताला नुसती झिणझिण जाणवते, परंतु सिरियल केबल लावण्याच्या क्षणी तोच प्रवाह मोडेमच्या नाजूक चिपमधून वाट काढतो. मल्टिमीटरने लाइन आणि अर्थ यांच्यामध्ये सुमारे २३० व्होल्ट दिसले पाहिजेत आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यामध्ये अगदी थोडे. तसे नसेल, तर वायरमनकडून अर्थिंग करून घ्या. मल्टिमीटरने सॉकेट तपासण्याचा सराव नसेल, तर हे मोजमापही त्याच्याकडूनच करून घ्यावे. केबल लावताना आणि काढताना दोन्ही बाजूंची उपकरणे बंदच असावीत.

कृषिपंप सुरू होण्याच्या वेळी डीपीवर ताण येऊन व्होल्टेज खाली जाते, आणि सगळे पंप एकदम बंद झाले की ते उसळते. घराच्या मोठ्या स्टॅबिलायझरपेक्षा यूपीएस या ठिकाणी अधिक उपयोगी आहे. त्याच यूपीएसवर राउटरही ठेवा, कारण संगणक चालू राहून राउटर बंद पडला तर बोर्डाशी जोडणी तुटतेच.

उन्हाळ्याबद्दल एवढेच सांगतो: एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की यंत्र पहाटे किंवा रात्री उशिरा वापरा, आणि कूलरच्या झोताच्या समोर ठेवू नका. गवताच्या ताट्यांतून येणारी ती हवा ओलसर असते, आणि जुन्या सॉकेटवर व फ्लॉपी ड्राइव्हच्या पत्र्यावर तिने गंज चढतो.

३. सिरियल पोर्ट ओळखणे आणि तपासणे

जुन्या पीसीच्या मागे पंचवीस टोकांचे दोन पोर्ट असू शकतात. ज्यात छिद्रे आहेत तो प्रिंटरचा. ज्यातून टोके बाहेर आली आहेत तो सिरियल. प्रिंटरच्या पोर्टला मोडेम लावून "प्रतिसाद येत नाही" म्हणणारे नवखे पुष्कळ आहेत. नऊ टोकांचा आणि टोके बाहेर आलेला पोर्ट असेल तर तो सिरियलच.

आता मोडेम न लावता पोर्ट एकटाच तपासा. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाची टोके एका छोट्या तारेने जोडा, टर्मिनल प्रोग्राम उघडा, त्यातील स्थानिक प्रतिध्वनी (लोकल एको, म्हणजे टंकलेले अक्षर प्रोग्रामने स्वतःच पडद्यावर दाखवणे) आणि फ्लो कंट्रोल (अक्षरे थांबवण्या-सोडण्याचा इशारा) दोन्ही बंद करा, आणि काहीतरी टंका. अक्षरे पडद्यावर उमटली आणि तार काढताच उमटेनाशी झाली, तर पोर्ट ठीक आहे. तार काढल्यावरही अक्षरे येत असतील, तर स्थानिक प्रतिध्वनी चालूच राहिला आहे आणि चाचणी झालेलीच नाही.

डॉस ६ किंवा विंडोज ३.१ सोबत येणारा एमएसडी हा प्रोग्राम चालवून पोर्टची चिप कोणती आहे तेही वहीत लिहून ठेवा. ८२५० किंवा १६४५० असेल तर एका वेळी एकच अक्षर धरून ठेवता येते. १६५५०ए असेल तर सोळा. या नोंदीचे काम सहाव्या पायरीत पडेल.

४. टर्मिनल प्रोग्राम

विंडोज ३.१ मध्ये टर्मिनल आणि विंडोज ९५ व ९८ मध्ये हायपरटर्मिनल आधीच असते. हायपरटर्मिनल सुरुवातीला टेलिफोन नंबर विचारते. तिथे नंबर न देता पोर्टशी थेट जोडणीचा पर्याय निवडावा. सुरुवातीच्या चाचण्यांसाठी हे पुरेसे आहे, पण बोर्डावरची रंगीत चित्रे आणि फाइल उतरवणे यांसाठी मी डॉसमधील टेलिक्स किंवा क्यूमोडेम वापरण्याचा सल्ला देईन. कोलंबिया विद्यापीठात १९८१ मध्ये सुरू झालेल्या कर्मिटच्या आवृत्त्या तर इतक्या निरनिराळ्या यंत्रांसाठी निघाल्या आहेत, की तुमचे यंत्र कितीही आडवळणाचे असले तरी त्याच्यासाठी एखादी सापडण्याची शक्यता मोठी. कमोडोर ६४ साठी सीसीजीएमएस आहे.

खरी अडचण असते ती प्रोग्राम जुन्या यंत्रात नेण्याची. साडेतीन इंची फ्लॉपी ड्राइव्ह असेल तर काम सोपे आहे. फक्त सव्वापाच इंची ड्राइव्ह असेल, तर डॉस ६ मधील इंटरलिंक आणि इंटरसर्व्ह ही जोडी वापरावी. ती सिरियल केबलवरून स्वतःची प्रत दुसऱ्या यंत्रात पाठवू शकते. या एका कामासाठी मात्र उलट जोडणीची, म्हणजे नल मोडेम केबल लागते, आणि दुसऱ्या यंत्रावर मोड ही डॉसची आज्ञा उपलब्ध असावी लागते. काम झाले की ती केबल वेगळी बांधून तिच्यावर चिठ्ठी लावा, कारण दिसायला ती सरळ केबलसारखीच असते.

५. वायफाय मोडेम जोडणे

जुन्या पीसीच्या सिरियल पोर्टवर उणे आणि अधिक अशा दोन्ही बाजूंना, साधारणपणे बारा व्होल्टपर्यंत दाब असतो. ईएसपी८२६६ ही चिप ३.३ व्होल्टची आहे. दोन्ही थेट जोडल्या की चिप तत्काळ निकामी होते, म्हणून मध्ये मॅक्स३२३२ लागतेच. कमोडोर ६४ च्या यूजर पोर्टचा दाब पाच व्होल्टचा असल्याने त्याच्यासाठी वेगळा, त्याच यंत्राकरिता केलेला मोडेम घ्यावा. सुटे भाग नागपूरला सीताबर्डीत मिळतात किंवा पोस्टाने मागवता येतात, आणि काही शे रुपयांत काम होते. डागकाम येत नसेल, तर तयार मोडेम घेण्यात कमीपणा नाही.

मोडेम जोडून टर्मिनलमध्ये आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट आणि मोडेमच्या माहितीपत्रकात दिलेली गती निवडा. मग "एटी" टंकून एंटर दाबा. एटी हे १९८१ च्या हेज स्मार्टमोडेमपासून चालत आलेले संबोधन आहे, आणि उत्तरादाखल "ओके" यायला हवे. ते आले नाही, तर लक्षणांवरून दोष शोधावा:

काहीच येत नसेल, तर पोर्टचा क्रमांक चुकला आहे किंवा दुसरे व तिसरे टोक उलट आले आहे. विचित्र चिन्हे येत असतील, तर गती जुळलेली नाही. प्रत्येक अक्षर दोनदा येत असेल, तर स्थानिक प्रतिध्वनी बंद करा. ओळी पायऱ्यांसारख्या उजवीकडे सरकत असतील, तर टर्मिनलमध्ये ओळ बदलण्याची खूण जोडण्याचा पर्याय चालू करावा. पोर्टची चाचणी यशस्वी होऊनही प्रोग्राम हटून बसला असेल, तर तो बहुधा अशा तारांची वाट पाहत आहे ज्या स्वस्त पाटीवर जोडलेल्याच नाहीत. अशा वेळी नऊ टोकांच्या पोर्टवर संगणकाच्या बाजूने सात आणि आठ एकमेकांना, तसेच एक, चार आणि सहा एकमेकांना जोडले की तो पुढे सरकतो.

"ओके" आल्यावरच वायफायकडे वळा. हॉटस्पॉटचे नाव आणि पासवर्ड देण्याची आज्ञा मोडेमच्या आतील प्रोग्रामनुसार बदलते, म्हणून ती माहितीपत्रकातून घ्यावी; दिलेली माहिती कायम राहावी यासाठी बहुतेक मोडेमांत शेवटी "एटी&डब्ल्यू" द्यावे लागते. येथे तीन सापळे आहेत. ईएसपी८२६६ ला ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही आणि नवे मोबाइल पुष्कळदा त्याच पट्ट्यावर हॉटस्पॉट देतात, तेव्हा मोबाइलच्या सेटिंगमध्ये २.४ निवडावे. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ ठेवावा. आणि हॉटस्पॉटचे नाव केवळ रोमन अक्षरे व अंक यांचे असावे. देवनागरी नाव जुन्या कीबोर्डवरून टंकता येणार नाही.

६. गती किती ठेवावी

आठ बिटांच्या अक्षरामागे सुरुवातीचा आणि शेवटचा मिळून दहा बिट जातात. म्हणजे सेकंदाला २४०० बिटांच्या गतीला २४० अक्षरे. ऐंशी अक्षरांच्या पंचवीस ओळींचा पूर्ण पडदा भरायला आठ सेकंदांहून थोडे अधिक लागतात, ९६०० ला दोन सेकंदांच्या आसपास, आणि ३०० ला मिनिटाहून जास्त. नवख्यांना वाटते की सर्वांत मोठा आकडा निवडावा. माझे मत उलट आहे. मोडेममध्ये फ्लो कंट्रोलच्या तारा नसतील आणि तुमची चिप ८२५० असेल, तर ९६०० च्या वर अक्षरे गळू लागतात, आणि तो दोष बोर्डाचा आहे असे वाटत राहते. २४०० ने सुरुवात करा. बोर्डावरची चित्रे ज्या काळात काढली गेली, त्या काळात ती अशीच ओळीमागून ओळ उमटत असत, आणि तशी पाहण्यात त्यांची गंमत अधिक कळते. सर्व सुरळीत झाल्यावर गती एकेक पायरी वाढवावी.

७. बोर्ड निवडणे आणि पहिली जोडणी

चालू बोर्डांची ताजी यादी टेलनेट बीबीएस गाईडमध्ये मिळते. पत्ते बदलतात, त्यामुळे जुन्या यादीवर विसंबू नका. जुन्या संगणकांच्या छंदिष्टांसाठी लेव्हल २९ हा बोर्ड परिचित आहे. सिंक्रोनेट या प्रणालीवर चालणारे बोर्ड पीसीवाल्यांना सोपे जातात. कमोडोर ६४ च्या चाळीस अक्षरांच्या पडद्यासाठी वेगळे बोर्ड आहेत, आणि यादीत तशी नोंद असते.

आधी तोच बोर्ड नव्या संगणकावर सिंकटर्म या प्रोग्रामने उघडून पाहा. तिथे उघडला आणि जुन्या यंत्रावर नाही, म्हणजे दोष तुमच्या बाजूला आहे. मग जुन्या यंत्रावर "एटीडीटी" टंकून त्यापुढे बोर्डाचा पत्ता, कोलन (:) आणि पोर्टचा आकडा द्यावा. हा पोर्ट म्हणजे सिरियल पोर्ट नव्हे, तो पत्त्याचाच भाग आहे. टेलनेटचा नेहमीचा आकडा २३ आहे, पण पुष्कळ बोर्ड वेगळा आकडा वापरतात. जोडणी झाली की "कनेक्ट" असा शब्द येतो, आणि काही बोर्ड एस्केप ही कळ दोनदा दाबायला सांगतात. त्या सूचनेला काही सेकंदांतच उत्तर द्यावे लागते.

पुढे अॅन्सी, म्हणजे रंग आणि चौकटी दाखवण्याच्या खुणा, हवे का असे विचारले जाईल. पीसी असेल तर होकार द्यावा. सरकारी कार्यालयातून आलेल्या यंत्रात पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड असू शकते, ज्यामुळे डॉसवर देवनागरी दिसत असे. ते देवनागरीसाठी अक्षरसंचाचा तोच वरचा अर्धा भाग वापरते, ज्यात बोर्डाच्या चौकटीच्या रेषा असतात. त्यामुळे ते चालू असताना रेषांच्या जागी अक्षरे दिसू शकतात. ते बंद करून पुन्हा जोडावे.

८. नोंदणी

नावाच्या जागी इंग्रजीत "न्यू" टंकल्यावर प्रश्नावली सुरू होते. टोपणनाव असे घ्या की ते वर्षानुवर्षे चालेल. खरे नाव विचारले तर खरेच द्यावे, कारण फिडोनेटसारख्या बोर्डाबोर्डांना जोडणाऱ्या जाळ्यातील काही चर्चागटांत टोपणनाव चालत नाही. हे जाळे टॉम जेनिंग्ज यांनी १९८४ मध्ये सुरू केले आणि ते आजही चालू आहे.

जन्मतारीख अमेरिकी पद्धतीने, म्हणजे महिना आधी आणि दिवस नंतर, मागितली जाते. पाच नोव्हेंबर हा अकरा-शून्य पाच असा लिहावा लागतो. चुकल्यास पुढे पासवर्ड विसरल्यावर ओळख पटवणे अवघड होते. टेलिफोन नंबराचा रकाना जुन्या काळचा आहे, जेव्हा चालक उलट फोन करून खात्री करत असे. तिथे शून्ये भरली तरी चालतात. पासवर्ड मात्र इतरत्र कुठेही न वापरलेला ठेवा. टेलनेटवर तो उघडाच जातो आणि वाटेत वाचता येतो.

नोंदणी झाली म्हणजे सर्व दारे उघडली असे नाही. पुष्कळ ठिकाणी चालक, ज्याला सिसॉप म्हणतात, स्वतः तुमची नोंद पाहून पुढची परवानगी देतो, आणि त्याला काही दिवस लागू शकतात. तो नोकरी सांभाळून घरच्या खर्चाने बोर्ड चालवणारा माणूस असतो. त्याला एक छोटे पत्र लिहून आपण कोण, कुठून आणि कोणत्या यंत्रावरून आलो हे सांगावे. विदर्भातल्या खेड्यातून ४८६ वर आलेल्या सभासदाकडे तो सहसा दुर्लक्ष करत नाही.

९. वाचणे, लिहिणे आणि निरोप घेणे

पहिले काही दिवस फक्त वाचा. प्रत्येक चर्चागटाचे नियम वेगळे असतात आणि ते बहुधा सुरुवातीच्या सूचनांत दिलेले असतात. उत्तर देताना मूळ मजकुरातील आवश्यक तेवढ्याच ओळी ठेवाव्यात. यंत्राच्या दुरुस्तीबद्दल विचारताना मॉडेल, चिपचे क्रमांक आणि आतापर्यंत काय तपासले हे सविस्तर लिहावे. वहीत नोंदी असतील तर हे पाच मिनिटांचे काम आहे. मराठी मित्र भेटला तर रोमन लिपीतच मराठी लिहावी लागेल, कारण या पडद्यांवर देवनागरी पोहोचत नाही.

एकाच वेळी गप्पा मारायच्या असतील तर सकाळी जोडा. आपल्याकडे सकाळचे सात वाजतात तेव्हा शिकागोत आदल्या दिवशीची संध्याकाळ असते, उन्हाळ्यात साडेआठ आणि हिवाळ्यात साडेसात.

भारनियमनाच्या गावात सर्वांत उपयोगी सोय म्हणजे क्यूडब्ल्यूके गठ्ठा. बोर्डाला सांगितले की तो तुमच्या निवडलेल्या गटांतील नवे निरोप एका फाइलमध्ये बांधून देतो. ती उतरवून घ्यायची, जोडणी सोडायची, ब्लू वेव्हसारख्या प्रोग्रामने सावकाश वाचायचे, उत्तरे लिहायची, आणि पुढच्या वेळी ती एकत्र पाठवायची. टेलिफोनचे बिल वाचवण्यासाठी ही पद्धत निघाली होती. आज ती वीज जाण्याच्या वेळापत्रकाशी उत्तम जुळते.

निघताना यंत्र नुसते बंद करू नका. निरोपाची आज्ञा, बहुधा जी हे अक्षर, देऊन बाहेर पडा. एकच जागा असलेल्या बोर्डावर अशी अर्धवट सुटलेली जोडणी काही काळ जागा अडवून ठेवते आणि दुसऱ्याला आत येता येत नाही.

१०. फाइल उतरवणे

झेडमोडेम उपलब्ध असेल तर तोच निवडा. चक फोर्सबर्ग यांनी १९८६ मध्ये केलेल्या या पद्धतीत वीज गेल्यामुळे अर्धवट राहिलेली फाइल पुढे तिथूनच उतरवता येते. एक्समोडेम सर्वत्र चालतो, पण तो १२८ अक्षरांचे तुकडे पाठवतो आणि शेवटचा तुकडा भरीने पूर्ण करतो, त्यामुळे फाइल मूळ आकारापेक्षा थोडी मोठी दिसते. ते बिघाडाचे लक्षण नव्हे. मजकूर नीट दिसतो पण फाइल मात्र प्रत्येक वेळी मध्येच अडते, असे झाले तर मोडेममधील टेलनेट हाताळणीची निवड तपासा. २५५ हा आकडा टेलनेट स्वतःच्या खुणेसाठी राखून ठेवते, आणि फाइलमध्ये तो आला की हाताळणी चुकल्यास गणित बिघडते.

११. ज्यांना टेलिफोनच्या तारेवरूनच जोडायचे आहे

याला आता छंदातला छंद म्हणावे लागेल. घरी तांब्याच्या तारेचा लँडलाइन अजून चालू असेल, तरच विचार करा. मोबाइलच्या कॉलवर मोडेम चालत नाही, कारण मोबाइलची यंत्रणा माणसाच्या आवाजाला अनुरूप असे आकुंचन करते आणि मोडेमचे स्वर त्यात मोडून पडतात. फायबरवरच्या फोनवर ३०० ते २४०० पर्यंतची जोडणी कधी जमते, कधी नाही. परदेशी बोर्डांना आयएसडीने जोडणे खर्चाच्या दृष्टीने निरर्थक आहे. त्यापेक्षा दोन गावांतल्या दोन मित्रांनी परस्परांना जोडावे.

भारतीय डायल टोन अमेरिकी मोडेमला ओळखू येत नाही आणि तो "डायल टोन नाही" म्हणून थांबतो. म्हणून आधी "एटीएक्स३" द्यावे, म्हणजे तो टोनची वाट न पाहता नंबर फिरवतो. जुन्या एक्सचेंजवर टोनऐवजी पल्स लागत असेल तर "एटीडीटी" ऐवजी "एटीडीपी". पलीकडच्या मित्राने घंटी वाजल्यावर "एटीए" टंकायचे. रोहिणी ते हस्त या नक्षत्रांच्या काळात विजा चमकू लागल्या की मोडेमची तार भिंतीतून काढून ठेवावी. यूपीएस तारेवरून येणाऱ्या विजेपासून वाचवत नाही. जोडणी सोडायची असेल तेव्हा एक सेकंद काहीही न टंकता थांबा, एंटर न दाबता तीन अधिक चिन्हे टंका, पुन्हा एक सेकंद थांबा, आणि "ओके" आल्यावर "एटीएच" द्या.